वसईचा कॅथलिक तरुण : श्रद्धा कायम, होकार मोजका

झावळ्यांच्या रविवारी किंवा नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला वसई पट्ट्यातील चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नसते. बाके भरतात, मागचा दरवाजा भरतो आणि उरलेले भाविक आवारात ध्वनिक्षेपकावर प्रवचन ऐकत उभे राहतात. या गर्दीत विशी-पंचविशीतील मुलेमुलीही असतात. युरोपातील चर्चच्या इमारती विकल्या जात असल्याच्या बातम्या वाचणाऱ्याला हे दृश्य दिलासा देणारे वाटते. आपल्याकडे तसे काही झालेले नाही, तरुण पिढी चर्चला धरून आहे, असा निष्कर्ष मग सहजच काढला जातो. हा निष्कर्ष चुकीचा नाही. पण तो अर्धाच खरा आहे.

तरुण चर्चमध्ये येतो, हे खरे. मात्र चर्च जे सांगते त्यातले काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हे तो आपल्या मनाशी ठरवून येतो. तो वाद घालत नाही, बंड करत नाही, धर्म सोडून जाण्याची भाषा तर मुळीच करत नाही. जे पटते ते मनापासून करतो आणि जे पटत नाही ते गुपचूप वगळतो. बाके भरलेली असल्यामुळे हे वगळणे कोणाच्या नजरेस येत नाही. वसईतील ख्रिस्तसभेपुढचा खरा प्रश्न तरुणांच्या अनुपस्थितीचा नसून त्यांच्या या मौनाचा आहे, असे म्हणावे लागेल.

येथील कॅथलिक समाज कालपरवाचा नाही. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. राज्य गेले, युरोपीय पाद्री गेले; पण सामवेदी, वाडवळ, कोळी अशा समाजांतील ख्रिस्ती कुटुंबांनी ना आपला धर्म सोडला, ना आपली बोली. संतपद मिळालेले पहिले भारतीय गोन्सालो गार्सिया हे वसईचेच. १५९७ मध्ये जपानमधील नागासाकी येथे त्यांना क्रुसावर मारण्यात आले आणि १८६२ मध्ये ते संत म्हणून घोषित झाले. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १०.८ लाख, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी आहे. अशा राज्यात १९९८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा होऊन वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला आणि मराठीतून उपासना करणाऱ्या या समाजाला आपले म्हणावे असे केंद्र मिळाले. येथे धर्म केवळ वैयक्तिक निवडीचा विषय कधीच नव्हता. तो गावाशी, वाडीशी, विहिरीशी आणि नात्यागोत्याशी बांधलेला आहे.

नेमका हाच भाग तरुणाने जपून ठेवला आहे. सकाळी विरारची गर्दी झेलत चर्चगेट गाठणारा, संगणकासमोर दिवस काढणारा मुलगाही मे महिन्यात गावच्या क्रुसापाशी होणाऱ्या प्रार्थनेला हजर राहतो. सप्टेंबरात वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेला जातो. नोकरीची मुलाखत असेल तर बुधवारी माहीमच्या नोव्हेनाला उभा राहतो. १९४८ पासून चालत आलेल्या या नोव्हेनाच्या रांगेत हिंदू, मुसलमान, पारशी सगळेच असतात आणि तिथे कोणी कोणाला धर्मशिक्षणाचे प्रमाणपत्र विचारत नाही, हेही तिच्या लोकप्रियतेचे एक कारण असावे. गावात मयत झाली तर रजा टाकून दफनविधीला पोहोचणारी ही मुले आहेत. उपवासकाळात मांसाहार सोडणे, मद्य सोडणे, अलीकडे मोबाइलवरील करमणूक सोडणे, अशी चाळीस दिवसांची बंधने ती स्वतःहून घालून घेतात. श्रद्धा क्षीण झालेल्या पिढीचे हे लक्षण नव्हे.

मग वगळले काय जाते? पहिले नाव पापनिवेदनाचे घ्यावे लागेल. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार प्रत्येक कॅथलिकाने वर्षातून किमान एकदा आपल्या गंभीर पापांची कबुली धर्मगुरूजवळ द्यावयाची असते. आठ-नऊ वर्षांचे मूल पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी पापनिवेदन करते. आईशी खोटे बोललो, भावाला मारले, अशी त्या वयाची यादी असते. पुढे दृढीकरणाच्या वेळी एकदा, लग्नाच्या वेळी एकदा. मधल्या काळात अनेकांचा या संस्काराशी संबंध उरत नाही. जुन्या पिढीत पापनिवेदन केल्याशिवाय ख्रिस्तप्रसाद घेण्यास माणसे कचरत. आता प्रसादाची रांग शेवटच्या बाकापर्यंत जाते आणि पापनिवेदनाची रांग ज्येष्ठ नागरिकांची असते.

याचे खापर ‘पापाची जाणीव बोथट झाली’ या ठरीव वाक्यावर फोडणे सोपे आहे. प्रवचनांतून ते अनेकदा फोडलेही जाते. प्रत्यक्षात ही पिढी आपल्या चुकांबद्दल, अपराधभावनेबद्दल, मनाच्या अस्वस्थतेबद्दल आधीच्या पिढ्यांहून अधिक मोकळेपणाने बोलते. परदेशी गेलेल्या मित्राशी रात्री दोन वाजता बोलते, समुपदेशकाकडे पैसे देऊन बोलते. अडचण बोलण्याची नाही, कोणाजवळ बोलायचे याची आहे. वसईतील धर्मग्राम म्हणजे एक मोठे कुटुंब. ज्या फादरांकडे पापनिवेदन करायचे तेच शाळेचे व्यवस्थापक असतात, तेच आईच्या प्रार्थनागटाचे मार्गदर्शक असतात आणि सायंकाळी घरी चहालाही येतात. पापनिवेदनाची गुप्तता अनुल्लंघनीय आहे आणि ती मोडणाऱ्या धर्मगुरूला धर्मसंहितेत कठोर शिक्षा आहे, हे तरुणाला ठाऊक असते. तरीही ओळखीच्या आवाजात ओळखीच्या माणसाला सांगण्याचा संकोच नियमाने जात नाही. उपवासकाळात बाहेरगावचे धर्मगुरू बोलावण्याची पद्धत याच संकोचातून आली आहे, आणि तेव्हा रांगेतील वय थोडे खाली येते, हे बोलके आहे.

दुसरा विषय विवाहाचा. येथे मौन टिकत नाही, कारण येथे सही करावी लागते.

मुलगा आणि मुलगी दोघेही कॅथलिक असतील तर वाट सरळ असते. बाप्तिस्म्याचा नव्याने काढलेला दाखला, दृढीकरणाची नोंद, विवाहपूर्व प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, चर्चमधील जाहीर घोषणा, आणि मग वेदीपुढे शपथ. या प्रशिक्षणाविषयी तरुणांची तक्रार अशी की, त्यात आर्थिक नियोजन आणि सासू-सून संबंधांवर ऐकण्याजोगे बरेच मिळते, पण संततिनियमनाचा तास आला की वक्ता आणि श्रोते दोघेही एकमेकांची नजर चुकवतात. पोप सहावे पॉल यांनी १९६८ मध्ये काढलेल्या परिपत्रकात कृत्रिम साधने नाकारली गेली आणि ती शिकवण आजही कायम आहे. मुंबईत भाड्याने घर घेऊन दोघांच्या पगारावर संसार मांडणारे जोडपे ती पाळते काय, याचे उत्तर वर्गातील प्रत्येकाला माहीत असते. ते विचारले जात नाही.

जोडीदार अन्यधर्मीय असेल तर मात्र प्रत्येक प्रश्न विचारला जातो. धर्मसंहितेनुसार बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी विवाह करण्यासाठी धर्माध्यक्षांकडून सूट घ्यावी लागते. ती न घेता केलेला विवाह चर्चच्या दृष्टीने अवैध. सूट मिळण्यासाठी कॅथलिक जोडीदाराला लेखी किंवा तोंडी वचन द्यावे लागते, की आपण आपला धर्म सोडणार नाही आणि होणाऱ्या मुलांचा बाप्तिस्मा व्हावा, त्यांना कॅथलिक म्हणून वाढवावे यासाठी आपल्या परीने सर्व प्रयत्न करू. एकेकाळी असे वचन दोघांकडूनही घेतले जाई. १९७० मध्ये सहाव्या पॉल यांनीच ते बंधन सैल केले. आता अन्यधर्मीय जोडीदाराला या वचनाची केवळ कल्पना द्यावयाची असते. हा फरक लहान नाही. परंतु धर्मग्रामाच्या कार्यालयात टेबलापलीकडे बसलेल्या हिंदू मुलीला आणि तिच्या वडिलांना तो समजावून सांगितला जाईलच असे नाही. त्यांच्या कानांवर येते ते इतकेच, की मुले ख्रिस्ती होणार. ‘आपल्या परीने प्रयत्न’ या शब्दांत जोडीदाराच्या मताला जी जागा ठेवलेली आहे, ती कागदावरच राहते.

गंमत अशी की, देशाचा कायदा या बाबतीत चर्चच्या नियमाइतका कडक नाही. १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा दोघांपैकी एकच ख्रिस्ती असला तरी लागू होतो. दुसरी वाट १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची. तीत तीस दिवसांची नोटीस लावावी लागते. या नोटिशीमुळे घरी कळेल, बाहेरचे कोणी आक्षेप घेईल, ही भीती असते. म्हणून काही जोडपी उलट चर्चचाच मार्ग पत्करतात. जी नोंदणी कार्यालयात जाऊन लग्न करतात, ती कायद्याने पतिपत्नी असली तरी चर्चच्या दृष्टीने विवाहित नसतात आणि त्यांना ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही. लहानपणापासून वेदीसेवक म्हणून वाढलेला मुलगा मग नाताळच्या मिस्सेला प्रसादाच्या वेळी बाकावर बसून राहतो, आणि शेजारच्या बाकावरील काकू ते बरोबर टिपतात. हा अपमान तरुणांच्या बोलण्यात वारंवार येतो. नियम काय आहे यापेक्षा तो कसा अनुभवास येतो, याचे हे उदाहरण आहे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये कुटुंबजीवनावरील आपल्या पत्रात अशा अवघड परिस्थितीतील माणसांना दूर न लोटता सोबत करण्याची भाषा वापरली. त्याआधी २०१५ मध्ये विवाह अवैध ठरवण्याची चर्चमधील प्रक्रिया त्यांनी सोपी केली होती. तरीही या देशात ख्रिस्ती जोडप्याला दोन वाटा चालाव्या लागतात. परस्पर संमतीच्या घटस्फोटाची सोय २००१ च्या दुरुस्तीने झाली, पण न्यायालयाचा हुकूमनामा चर्चला पुरत नाही आणि चर्चचा निवाडा न्यायालयात चालत नाही. तिशीच्या आत संसार मोडलेल्या मुलीला हे दोन्ही उंबरठे झिजवताना पाहिलेल्या तिच्या मैत्रिणी पुढे विवाहाच्या अतूटतेवरील प्रवचन कोणत्या मनाने ऐकत असतील, याचा विचार व्हायला हवा.

मुलींचा उल्लेख आला आहे तर आणखी एक बाब. धर्मशिक्षणाचे वर्ग मुली चालवतात, गायनवृंद मुली सांभाळतात, शास्त्रवाचन मुली करतात. वेदीसेवेची परवानगी त्यांना १९९४ मध्ये मिळाली. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीच्या पाय धुण्याच्या विधीत स्त्रियांना सामील करण्याची मुभा २०१६ मध्ये. वाचक आणि वेदीसहायक ही पदे अधिकृतपणे २०२१ मध्ये. म्हणजे ज्या गोष्टी त्या करतच होत्या, त्यांना रोमची मान्यता हळूहळू येत गेली. याजकपदाचे दार मात्र १९९४ मध्येच दुसरे जॉन पॉल यांनी निःसंदिग्ध शब्दांत बंद केले. कार्यालयात पंधरा जणांच्या गटाची प्रमुख असलेली मुलगी रविवारी धर्मग्रामाच्या बैठकीत चहाची जबाबदारी सांभाळते, तेव्हा तिला याजकपद हवे असते असे नाही. तिला त्या बैठकीत बोलायचे असते.

भाषेचा प्रश्न येथे बराच चर्चिला जातो. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले, तेव्हापासून मराठी आणि ख्रिस्ती श्रद्धा यांचे नाते आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली. १९६९ मध्ये आरती, पंचांग प्रणाम, अनवाणी उपासना अशा बारा भारतीय प्रथांना रोमने मान्यता दिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’तून आणि हरित वसईच्या चळवळीतून या मराठीपणाला सामाजिक आशय दिला. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणारे ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा श्रद्धांजली वाहणाऱ्यांत चर्चमध्ये फारसे न जाणारे तरुणही होते. कारण पाणी आणि जमीन यांसाठी उभा राहिलेला धर्मगुरू त्यांना आपला वाटत होता. पण इंग्रजी शाळेत शिकलेल्या नव्या पिढीला प्रवचनातील ग्रांथिक मराठी जड जाते आणि तिला गिटारवरची इंग्रजी मिस्सा जवळची वाटते. म्हणून इंग्रजी मिस्सा वाढवाव्यात, असा उपाय सुचवला जातो. हा उपाय वरवरचा आहे. इंग्रजी मिस्सेतही तोच तरुण बसलेला असतो आणि तितकाच गप्प असतो. केरळमध्ये सिरो-मलबार चर्चच्या एर्नाकुलम-अंगमाली महाधर्मप्रांतात मिस्सा करताना धर्मगुरूने लोकांकडे तोंड करावे की वेदीकडे, यावरून २०२१ पासून टोकाचा संघर्ष पेटला. वसईतील तरुणाला हा वाद समजावून सांगणेसुद्धा कठीण आहे. उपासनेच्या स्वरूपाबद्दल त्याची तक्रार त्या मानाने किरकोळ आहे. प्रवचन लांबते, एवढीच.

करोनाकाळाने यात एक वेगळीच भर घातली. मार्च २०२० मध्ये चर्च बंद झाली, रविवारच्या मिस्सेचे बंधन धर्माध्यक्षांनी शिथिल केले आणि घराघरांत भ्रमणध्वनीच्या पडद्यावर मिस्सा सुरू झाली. राज्यातील प्रार्थनास्थळे नोव्हेंबर २०२० मध्ये उघडली, पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी कायमची खुली झाली. या दीड वर्षात तरुणाला एक शोध लागला : रविवार चुकला तरी काही कोसळत नाही. जे परतले ते सवयीने नव्हे, ठरवून परतले. ही जमेची बाजू आहे आणि तिची दखल पुरेशी घेतली गेलेली नाही.

मौनाचे आणखी एक कारण चर्चच्या भिंतीबाहेर आहे. अनेक राज्यांनी धर्मांतरविरोधी कायदे केले, प्रार्थनासभांवर हल्ल्यांच्या बातम्या येत राहिल्या. अशा वातावरणात आपल्या चर्चविषयी जाहीरपणे टीका करणे म्हणजे विरोधकाच्या हातात कोलीत देणे, असे वडीलधारे सांगतात आणि तरुणालाही ते पटते. घरातले भांडण दारात नको. पण घरातही ते होत नसेल तर कुठे व्हावे? धर्मगुरूंकडून होणाऱ्या लैंगिक शोषणाच्या प्रश्नावर २०१९ मध्ये व्हॅटिकनने तक्रारींसाठी बंधनकारक नियम केले. भारतात २०१२ चा बालसंरक्षण कायदा आहेच. आपल्या धर्मप्रांतात तक्रार कोणाकडे करायची, त्या समितीत कोण आहे, हे किती तरुण सांगू शकतील, हा प्रश्न अल्पसंख्याक असल्याच्या सबबीखाली टाळता येणारा नाही.

बदल अशक्य आहे असे नाही. चर्चने दहनाला १९६३ मध्येच परवानगी दिली. वसईत मात्र दफनाचीच परंपरा आहे आणि कबरींना जागा अपुरी पडते. येथील काही धर्मग्रामांनी लाकडी शवपेटी सोडून मृतदेह पांढऱ्या वस्त्रात गुंडाळून मातीला देण्याची पद्धत स्वीकारली. मृत्यूसारख्या नाजूक विषयात शतकांची प्रथा बदलली जाऊ शकते, ती गावात बसून, माणसांशी बोलून. विवाहाच्या वचनाचा नियम वसईला बदलता येणार नाही, तो रोमचा आहे. पण ते वचन कोणत्या शब्दांत, किती वेळ देऊन आणि कोणाच्या उपस्थितीत समजावून सांगायचे, हे वसईच्या हातात आहे. पापनिवेदनासाठी बाहेरचा धर्मगुरू वर्षातून एकदाच का, दर महिन्याला का नाही, हेही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या धर्मप्रांतांत सुरू केलेल्या संवादप्रक्रियेत सामान्य प्रापंचिकांनाही मते विचारली गेली. तिच्या ऑक्टोबर २०२४ मधील अंतिम दस्तऐवजात धर्मग्रामांच्या सल्लागार मंडळांना बंधनकारक करण्याची, स्त्रिया आणि तरुण यांना त्यांत जागा देण्याची, हिशेब आणि कारभार दरवर्षी लोकांपुढे मांडण्याची शिफारस आहे. चालू धर्मसंहितेनुसार धर्मग्रामाची आर्थिक समिती बंधनकारक असली तरी सल्लागार मंडळाचे मत केवळ सल्ल्यापुरतेच असते. एप्रिल २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस गेले. त्यांच्यानंतर आलेले पोप चौदावे लिओ यांनी ही प्रक्रिया पुढे चालू ठेवली. तिच्या वेळापत्रकात ऑक्टोबर २०२८ मध्ये व्हॅटिकनमध्ये जागतिक सभा आहे आणि त्याआधी, २०२७ च्या पूर्वार्धात, प्रत्येक धर्मप्रांताने आपल्याकडे काय बदलले याचा आढावा घेणारी सभा भरवायची आहे. वसईच्या सभेत तिशीखालचे किती जण असतील, त्यांना कोण निवडणार, आणि प्रसादाच्या वेळी बाकावर बसून राहणाऱ्याला तिथे बोलावले जाईल की नाही, हे ठरवण्याचा अधिकार धर्मप्रांताकडेच आहे.